आम्ही घर पांढरं केलं

पांढरं या शब्दाची मला आता भीती वाटते. लहानपणी वाटत नव्हती. आमचा जन्मच मिठागरातला. कोपरच्या खाडीला लागून आमच्या आगराच्या कोंड्या, म्हणजे मीठ धरायचे वाफे, होत्या. पौष-माघात कोंडीतलं खारं पाणी आटत येई, वर सायीसारखा पापुद्रा धरी, आणि एका सकाळी बाप बांधावरून हाक मारी, "पांढरं झालं रे." मग घरातली सगळी माणसं टोपल्या घेऊन धावत. आगर पांढरं झालं म्हणजे वर्ष निघालं. त्याहून चांगली बातमी आमच्या घरात कधी आली नाही.

मी फार शिकलेला नाही. पंतोजीकडे दोन पावसाळे गेलो, कारण पावसाळ्यात आगर बंद. अक्षरं लागायला लागली तसा बाप म्हणाला, पुरे. म्हणून इथं एखादा शब्द चुकला तर चुकला. जे झालं ते सांगतो.

माझं लग्न झालं त्या साली उधाणाच्या भरतीने आमचा बांध फुटला आणि तयार मीठ खाडीत गेलं. माझी आई तोंडाची तिखट. चार बायकांत म्हणाली, पांढऱ्या पायाची आली. बायको नवीन, तिने पुष्कळ दिवस ऐकून घेतलं. मग एकदा आगरातून येऊन ओटीवर पाय सोडून बसली. गुडघ्यापर्यंत मीठ वाळून पाय पांढरे झालेले. आईला म्हणाली, "आत्याबाय, तुमचं पाय दावा बघू." आईही तेव्हाच आगरातून आलेली. दोघींचे पाय शेजारी शेजारी बघून बाप ठसका लागेपर्यंत हसला. आईने परत तो शब्द काढला नाही.

माझी बायको धवलारीण होती. आमच्यात लग्नाचे विधी बामण करतो त्याआधी धवलारीण गाऊन करते. हळद दळण्यापासून नवरीला बाहेर काढीपर्यंत सगळ्याला तिचं गाणं लागतं, त्या गाण्यांना धवले म्हणतात. पंतोजी एकदा म्हणाले होते, धवल म्हणजे पांढरं. मी ते बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग हलद पिवली कशाला लावतात?" तिच्या जोडीला माझी वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, गायची. एक ओळ ही म्हणे, दुसरी ती उचले. कोपरपासून कळव्यापर्यंतच्या लग्नांना दोघींना बोलावणं येई, आणि चाळीस वर्षं दोघी बरोबर गेल्या. आमची दोन घरंही एका कुडाला टेकलेली. मध्ये कारवीचा आणि मातीचा तो एक कूड. इकडे शिंकलं की तिकडे ऐकू जाई.

मग मुंबईत गाठीचा ताप आला. तिथून रेल्वेने इकडे आला. कल्याणच्या ठेसनात सगळ्यांना उतरवून बगला चाचपायला लागले. मी दोरखंड आणायला म्हणून गेलो होतो, तिथं रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढच्या माणसाच्या बगलेत डागदराचा हात थांबला. त्या माणसाने मागे वळून बघितलं, आणि त्याचं तोंड पांढरं पडलं. तोंड पांढरं पडलं असं मी जन्मभर बोलत आलो होतो, पण बघितलं तेव्हा कळलं. आमच्यासारखाच काळा माणूस, त्याचा रंग चुलीतल्या राखेसारखा झाला. त्याला बाजूला नेलं. त्याचं गाठोडं तिथंच राहिलं. गाडीतून उतरलेली माणसं त्या गाठोड्याला वळसा घालून जात होती. मीही गेलो. दोरखंड न आणता घरी आलो आणि खाडीत दोनदा बुडी मारून मग आत शिरलो.

पुढं सरकारी टोळ्या फिरायला लागल्या. एक मुकादम, दोन शिपाई, चुन्याच्या बालद्या, लांब काठीचे कुंचे. गाठ सापडली की ते घर रिकामं करायचे, कौलं काढून ऊन आत घ्यायचे, जमीन उकरायचे, गोधड्या जाळायचे आणि आत-बाहेर चुना फासायचे. आजारी माणसाला गाडीत घालून कल्याणच्या बाहेर मांडव घातले होते तिथं न्यायचे. आमच्या गावाने तिथून परत आलेलं माणूस बघितलं नव्हतं.

तेव्हापासून तो शब्द बदलला. त्यांचं पांढरं झालं असं कोणी म्हटलं की पुढं काही विचारायची सोय राहिली नाही. आमचा तलाठी घाटावरचा. तो गावच्या घरांच्या जागेला पांढरी म्हणायचा आणि शेताला काळी. त्या वर्षी अर्धं गाव पांढरी सोडून काळीत झोपड्या घालून राहिलं. आगरातसुद्धा मीठ धरलं तर कोणी पांढरं झालं म्हणेना. आलं, एवढंच म्हणत आणि खाली बघून ओढायला लागत.

एका दुपारी बायको आगरातून आली आणि ओटीवर न बसता सरळ आत जाऊन निजली. दुपारी निजणारी बाई नव्हती ती. कपाळाला हात लावला तर चटका बसला. मी खाली बसलो आणि म्हटलं, "बगल दाव."

"उन्हाचं झालंय. जावा तुमी, कोंडी बघा."

"दाव म्हणतो ना."

"चालीस वर्सात बगल बघायला वेल नाय झाला," ती म्हणाली, "आता बघताय." आणि हात वर केला.

गाठ नव्हती. जांघेत तिने स्वतः चाचपलं, तिथंही नव्हती. पण डोंबिवलीतल्या एका सोनाराला आधी ताप आणि तिसऱ्या दिवशी गाठ आली होती, हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. मी दर घटकेने बगल बघायला लागलो. शेवटी तिने माझं मनगट धरलं. तिचा हात तापलेला आणि माझा गार.

"एक ऐका," ती म्हणाली. "मना त्या मांडवात नेऊ देऊ नका. मरन आलं तर हितं येऊ दे. कुडाच्या पल्याड जाऊबाय असंल, अल्याड तुमी असाल. तिथं कोन हाय माजं?"

मी म्हटलं, "नाही नेऊ देणार." बोलून गेलो. हा शब्द पाळायचा कसा ते मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी पाटील सांगून गेला, टोळी परवा सकाळी येणार, कोणी आजारी असेल तर आजच सांगा. मी दारात उभा राहून नाही म्हटलं. त्याने आत बघू नये म्हणून चौकटीत दोन्ही हात लावून उभा होतो. असं मी कधी उभा राहत नाही, हे तो गेल्यावर लक्षात आलं.

तेव्हा मला एक सुचलं. डोंबिवलीत मी टोळीला काम करताना बघितलं होतं. जे घर आधीच चुन्याने पांढरं केलेलं दिसे, मग कौलं परत चढवलेली का असेनात, त्याच्यासमोर मुकादम थांबत नसे. हे झालंय, म्हणे आणि पुढं जाई. चुना फासलेल्या घरात आजारी माणूस उरलेलंच नसे, बघायचं काय? मी म्हटलं, आपणच आपलं घर पांढरं करू. आधीच्या टोळीने केलंय असं वाटेल आणि हे पुढं जातील.

पहाटेच्या ओहोटीबरोबर होडी काढून कळव्याला गेलो. तिथं खाडीकाठी बायकोच्या चुलतभावाची शिंपल्यांचा चुना भाजायची भट्टी. मला बघून तो हसला.

"काय दाजी, दिवाली होऊन गेली, लगीनसराई बंद. चुना कशाला?"

"भिंती काळ्या झाल्यात."

"बाय बरी हाय ना?"

"बरी हाय."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. टोपली भरली. पण माझ्या हातात दिली नाही. जमिनीवर ठेवून चार पावलं मागे सरला आणि मी उचलीपर्यंत तिथंच उभा राहिला. सख्ख्या बहिणीसारखी वाढलेली बहीण त्याची. मला राग आला नाही. मीही त्या गाठोड्याला वळसा घातला होता.

भरतीबरोबर परत आलो. परसात मडक्यात चुना टाकून पाणी घातलं. तो फसफसला, वाफ निघाली. आतून बायकोचा आवाज आला, "मीठ टाकलं काय?"

"टाकतो."

"टाका चांगलं. नायतर लुगड्याला लागतो."

आमच्यात चुन्यात मीठ टाकायचंच. आगरातल्या माणसाला मिठाचा काय तोटा? मीठ टाकलेला चुना भिंतीला घट्ट धरतो, वाळल्यावर हात फिरवला तरी हाताला येत नाही. कालवणात मीठ टाकताना जसा विचार करत नाही तसा याचाही कोणी करत नाही. मी तीन मुठी टाकल्या.

दिवसभर भिंती पांढऱ्या केल्या. ओटी, पुढचा कूड, दाराच्या दोन्ही बाजू, मग आत. बायको गोधडीत उठून बसली होती. "वलचनीखाली राह्यलं," म्हणाली. मी तिथं फासलं. "घरात लगीन काढल्यासारका करताय," म्हणाली. हसली आणि हसताना तिला खोकला आला. मी कुंचा तसाच धरून ऐकत राहिलो, खोकला थांबेपर्यंत.

दुपारनंतर वहिनी पेजेचं भांडं घेऊन अंगणात आली आणि भिंत बघून जागीच थांबली.

"भाऊजी, यो काय केलंत?"

"भिंती काळ्या झालेल्या."

"जाऊ कुठं हाय?"

"आत. डोकं दुखतंय."

तिने एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पेज अंगणाच्या कडेला ठेवून मागे मागे गेली. पाठ फिरवलीच नाही.

दिवे लागायच्या वेळेला कुडाच्या पलीकडून तिचा आवाज आला. "गो, ताप हाय काय तुला?"

"नाय गो जाऊबाय."

"नाय तर मंग धवला म्हन."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मग भिंतीला डोकं टेकून तिने हळदीची पहिली ओळ म्हटली. आवाज चिरलेला, मध्ये श्वास तुटला. पलीकडून दुसरी ओळ यायला हवी होती. वहिनीने ती उचलली, अर्ध्यावर आली आणि थांबली. पलीकडे ती रडत होती ते आम्हाला ऐकू आलं. बायकोच्या आवाजावरून तिने सगळं ओळखलं होतं. पण तिने पाटलाकडे जाऊन शब्द काढला नाही. भावालाही सांगितलं नाही. कुडातून तिच्या घरातलं सगळं ऐकू येई, त्यामुळे हे मला तेव्हाच माहीत होतं, म्हणून ते इथं लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी आली. आधी बालदीच्या कडीचा आवाज आला. आळीच्या टोकापासून तो एकेका घरापुढं थांबत येत होता. बायकोला मी भाताच्या कणगीमागे बसवलं, वर सुपं-टोपल्या लावल्या. ताप थोडा उतरला होता, पण खोकला होता. पदराचा बोळा तिने तोंडात धरला. मी ओटीवर बसून जाळं विणायला घेतलं. जाळं विणायला मला येत नाही, ते भावाचं होतं.

मुकादम माझ्या अंगणात आला. भिंत बघितली आणि शिपायाला म्हणाला, "हे झालंय." ते वळले. शिपाई अंगणाबाहेर गेलासुद्धा. मी हातातलं जाळं खाली ठेवलं.

मुकादमाच्या पायात काटा मोडला होता की काय, तो वाकला आणि आधाराला म्हणून त्याने भिंतीला हात टेकला. पायाचं बघून उभा राहिला. मग त्याने आपला तळवा बघितला. परत भिंतीवर ठेवला, खालपर्यंत ओढला आणि परत बघितला. तळव्याला काही लागलं नव्हतं. त्याचे कपडे, कोपरापर्यंत हात, मिशासुद्धा त्यांच्या चुन्याने भरलेल्या. त्यांचा चुना नुसता पाण्यातला, शिवला की अंगाला यायचा.

"हा आमचा नाही," तो म्हणाला. "आमचा असा धरत नाही. कोणी केलं हे?"

"मीच."

"का?"

तो माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "बाबा, अशा दिवसांत एवढी मेहनत कोणी उगीच करत नाही. बाजूला व्हा."

मी बाजूला झालो नाही. शिपायाने मला धरलं. मी त्याला काय काय बोललो ते लिहीत नाही. तेवढ्यात आत कणगीमागे खोकला आला, आणि टोपल्या बाजूला करून बायको आपणहून बाहेर आली. "हात लावू नका," म्हणाली, "मी चालते." डोक्यावरून पदर घेतला आणि गाडीपर्यंत चालत गेली. वहिनी तिच्या दारात उभी होती. गाडी हलेपर्यंत बायको तिच्याकडेच बघत होती.

मांडवाभोवती चटयांचं कुंपण होतं. आत जाऊ देत नसत. दुपारी एकदा कुंपणाच्या फटीतून बोलता येई, दोघांच्या मध्ये दोन बांबू आडवे. आतून कण्हण्याचे आवाज येत. चुना, फिनेल आणि माणसाच्या घाणीचा वास येई. मी बाहेर चिंचेखाली राहिलो. रोज दुपार व्हायच्या आधीच मी फटीशी जाऊन उभा राही, ती येते की नाही म्हणून. पहिले चार दिवस आली. ताप उतरला होता. डागदर म्हणाला, हिवताप दिसतो, दहा दिवस ठेवून सोडू.

चौथ्या दिवशी तिने विचारलं, "त्यांना कलला कसा हो? कनगीमागं मना कायपन ऐकू आला नाय."

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मीठ टाकलं काय, हे तिनेच विचारलं होतं. टाका चांगलं, हे तिनेच सांगितलं होतं. ते कळलं असतं तर तिथं त्या कण्हण्यात पडल्या पडल्या तिने स्वतःला खाल्लं असतं. म्हणून मी म्हटलं, "वहिनीने सांगितलं असेल."

असेल, म्हटलं. तिने ते झालं म्हणून ऐकलं. मग म्हणाली, "कुडातनं धवला म्हनवून घेतलान माज्याकडनं. बघायला." आणि थोड्या वेळाने, "घरी आल्यावर तिच्या हातचं पानी नको मना." मला वाटलं, दहा दिवसांनी घरी गेल्यावर खरं सांगू, तेव्हा हसेल.

पाचव्या दिवशी ती फटीशी आली नाही. सहाव्या दिवशी एका बाईने आतून सांगितलं, गाठ आली. नवव्या दिवशी गेली. ताप आधीपासूनच तो होता की तिथं लागला, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कुठलंही उत्तर मला झेपलं नसतं.

घरी आलो तर टोळीने येऊन नियमाप्रमाणे माझ्या चुन्यावर त्यांचा चुना फासला होता. कौलं काढलेली, जमीन उकरलेली. भिंतीला टेकलो की अंगरखा भरायचा. नवरा गेला की बाईचं कपाळ पांढरं झालं म्हणतात. बाई गेली तर पुरुषाच्या कपाळाला काही होत नाही. लोकांना बघून कळतसुद्धा नाही. मला ते बरं वाटलं नाही.

वहिनी पहिल्याच दिवशी भाकरी घेऊन आली. या वेळेला कडेला न ठेवता ओटीवर येऊन माझ्यापुढं ठेवली. म्हणाली, "त्या दिशी आमच्या घरात कोन शिरलंच नाय. अंगनातनं डोकी मोजली नि गेली. सगल्या आलीत तुमच्याच घरात शिरली." तिला वाटत होतं, नशीब. मला कळलं की भिंत काळीच ठेवली असती तर माझ्याही अंगणातून डोकी मोजून गेले असते. कणगीमागचं एक डोकं त्यांनी मोजलं नसतं.

मी भाकरी तोडली. ती समोर बसून राहिली. मग विचारलंच तिने.

"भाऊजी, जाऊने माजं नाव काढला काय?"

"काढलं."

"काय बोलली?"

मी म्हटलं, "तुझ्या हातचं पाणी, म्हणाली." पुढचं माझ्याने बोलवेना.

"मागितलान असंल," वहिनी म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. "मना कलवायचा होता ना. आले असते मी. कुंपनातनं दिला असता."

त्यानंतर ती रोज सकाळी एक तांब्या पाणी भरून आमच्या ओटीवर ठेवते. बायकोच्या नावाने. मला ते ओतून टाकता येत नाही. म्हणून पितो. तीन वर्षं पितोय. आता तिला लग्नांची बोलावणी परत येतात, ती दोन्ही ओळी एकटीच म्हणते.

वहिनीला वाचता येत नाही. तिचा मुलगा ठेसनात कामाला आहे, त्याला येतं. रविवारी तो घरी असतो. हा कागद त्याच्या हातात देऊन आईला वाचून दाखव म्हणायचं, एवढंच माझं काम उरलंय. आगरात, वादळात, साप निघाला तेव्हा मी कधी मागे सरलो नाही. पण गेले दोन रविवार तो अंगणात आला की मी कागद अंगाखाली दाबून बसतो आणि त्याला विचारतो, गाडी वेळेवर होती काय.